शेंडा

दुपारी अडीचला मी डब्याचं झाकण लावत होतो,
तेव्हा महानंदा मडपतीचं लेकरू आलं.
मन्मथ. वय तीन. उजव्या हाताचं मधलं बोट.
पत्र्याचं दार, बिजागरीकडची फट.
बोटावर चुना, चुन्यावर हळद, हळदीवर चहापत्ती,
सगळ्यावर कुणाच्या तरी ओढणीची चिंधी.
आधी हे धुवायचं असतं.
सलाईनच्या बाटलीला सुई टोचून
बारीक धार सोडतो मी.
लेकरू रडतं, आई भिंतीवरचं लसीचं पोस्टर वाचते,
आणि हळूहळू कळत जातं
रक्त किती होतं, चुना किती.

तिच्या मागं एक पोरगी, नऊची असेल.
दोन्ही हातांनी छातीशी कंपासपेटी.
"ह्याच्यात हाय," म्हणाली.
गणिताच्या वहीचा कागद, घडीत घडी,
आत हरभऱ्याच्या डाळीएवढा शेंडा,
नखाची कोर अजून चिकटलेली.
बाजूला कर्कटक आणि कुरतडलेलं खोडरबर.

शिरीन मॅडमनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला.
हाड शाबूत.
"शिवायचं नाही. झाकायचं."
बाप अडतीवरून पळत आलेला, केसांत तुरीचा भुसा.
"बीदरला नेऊ का? हैदराबादला? गाडी करतो.
जोडा की मॅडम, तुकडा तर हाय."
फार काही करायचं नाही, हे सांगायला
उदगीरच्या सरकारी दवाखान्यात
टाके घालण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.
मी म्हणालो, "हरभऱ्याचे शेंडे खुडता का नाही?
मग फुटतो का नाही?"
"त्ये झाड हाय."
"तीन वर्षांचं लेकरू बी अजून झाडच हाय."
मॅडम हसल्या नाहीत,
पण माझं म्हणणं खोडलंही नाही त्यांनी.

व्हॅसलीनची जाळी, तिच्यावर पातळ चिकटपट्टी,
वर गॉज, मग मनगटापर्यंत सगळा पंजा बांधून टाकला,
नाहीतर संध्याकाळी बोट तोंडात.
आठ दिवस उघडू नका.
वास येईल, त्याला भिऊ नका.
ताप आला, बोट टरारलं, तर रात्री बी या.

तुकडा चिमट्यानं उचलून पिवळ्या पिशवीत टाकला,
पोरीकडे पाठ करून.
पेटी स्पिरिटनं पुसून परत दिली.
रजिस्टरात लिहिलं: दारात बोट.
दार कुणी लावलं,
असा रकाना त्यात नाही.

पहिल्या बुधवारी वास आला. आईनं पदर नाकाला लावला,
मग लेकराकडं बघून काढला.
दुसऱ्या बुधवारी लाल, ओलं, दाणेदार.
तिसऱ्या बुधवारी बोटाला बोटासारखी गोलाई.
चौथ्याला बाप सांगू लागला:
"बोटाचं जाऊ द्या हो. ही राजेश्वरी दार लावू देईना घरात.
न्हाणीचं नाही, कपाटाचं नाही.
परवा शेळी आत शिरली, परातीतलं पीठ खाल्लं.
रात्री कुत्री येऊ लागलीत."
पोरगी माझ्या हाताकडं बघत होती.
डाव्या करंगळीला नख नाही माझ्या.
कडबाकुट्टी. एकोणीसचा होतो.
"तुमचं का नाही आलं?"
"तवा मी मोठा झालो होतो."
तिनं हे बराच वेळ मनात ठेवलं.
मग भावाचं बोट उलटंपालटं करून पाहिलं,
दुकानात नाणं पाहावं तसं.

जाताना मी बँडेजची एक गुंडाळी तिच्या हातात दिली.
ड्रेसिंग रूमच्या दारावर करून दाखवलं:
ह्या कडीतून त्या कडीत, मधी गादीसारखा गोळा.
दार ओढलं तरी फट बोटाएवढी राहते.
तिनं तीनदा ओढून पाहिलं.
बाहेर रांग ओरडत होती.

सहाव्या बुधवारी मन्मथ बापाच्या खांद्यावरून आला.
बोटाच्या टोकाला नख,
थोडं वाकडं, पण नख.
त्यानं त्याच बोटानं माझ्या टेबलावरची शाई दाखवली,
मग त्यातच बुडवलं.

पोरगी आली नव्हती. चाचणी होती म्हणे.
मी विचारलं, "दार लावती का आता?"
"लावती. पण आधी म्हणती, हात वर.
सगळ्यांनी वर करायचे. पावण्यांनी बी. मग लावती."
बाप जरा थांबला.
"मी बी करतो हो," म्हणाला.